आमची भित्री खाला

हलीमाखालाएवढं भित्रं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. ती पालीला भ्यायची, विजेला भ्यायची, पाटलाच्या घोड्याला भ्यायची, आणि घोड्यावर पाटील बसलेला असला तर आणखीच भ्यायची. भ्यायला सगळेच भितात, पण बाकीचे मिशीला पीळ देऊन नाहीतर देवाचं नाव घेऊन ते झाकतात. खालाला असलं झाकणं जमत नसे. 'म्या लई भित्री हाय बाबा' हे ती नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकायची, दुसरं कुणी आपलं गाव सांगावं तसं.

माझी आणि तिची गाठ पडली ती विस्तवामुळं. मी भूम गावची. वडील शाळामास्तर, म्हणून चार अक्षरं शिकलेली. लग्न करून लोहाऱ्याच्या अंगाला एका खेड्यात आले तेव्हा तिकडं दूरदेशी महायुद्ध चालू होतं आणि इकडं निजामाच्या राज्यात काडेपेटी दिसेनाशी झाली होती. सासरी पोचले त्याच संध्याकाळी माझ्या सासूनं, आत्याबाईंनी, माझ्या हातात फुटक्या मडक्याची खापरी दिली आणि पिंजाऱ्याच्या हलीमाकडून विस्तव घेऊन ये म्हणून सांगितलं. मी उंबऱ्यापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला.

"पानी दिलं तर पिऊ नको."

पाणी चालत नाही आणि विस्तव कसा चालतो, असं मी नव्या नवरीला न शोभणाऱ्या आगाऊपणानं विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, विस्तवाला विटाळ नसतो, तो विटाळ बी जाळून टाकतो. सगळ्या गल्लीचा हाच कायदा होता. सकाळ-संध्याकाळ घरोघरच्या बाया खापरी घेऊन हलीमाखालाच्या लिंबाखालच्या दारात जायच्या, तिच्या चुलीतले निखारे गोवरीच्या तुकड्यावर घ्यायच्या आणि आपापली चूल पेटवायच्या. गल्लीतली एकूण एक भाकरी तिच्या विस्तवावर भाजली जायची, पण तिच्या हातचं पाणी कुणी पीत नसे. यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर पुढं मलाही वाटेनासं झालं.

खालाचा मुलगा दस्तगीर कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचा. दिवसभर त्या घरातून पिंजणाच्या तातीचा टणत्कार यायचा, आणि कापसाची उडालेली म्हातारी दारावर, भिंतींवर, खालाच्या भुवयांवर बसलेली असायची. अशा घरात अष्टौप्रहर आग सांभाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. दस्तगीर तसं म्हणायचाही, की आम्ही सगळे एक दिवस जळून मरणार आहोत आणि त्याला माझी आईच कारण असेल. खाला त्याला आगीइतकीच भ्यायची. पण विस्तव काही ती विझू देत नसे. तिचं म्हणणं सरळ होतं. विस्तव ठेवला की माणसं येतात, आणि माणसं आली की मला भ्या वाटत नाही. भ्यालेलं माणूस दार लावून घेतं, हा जगाचा रिवाज. खालाचं उलटं होतं. भीती वाटली की ती दार उघडायची, नाहीतर दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायची.

आमच्याकडची घरं धाब्याची. वर मातीचं सपाट माळवद, आणि या घराचं माळवद त्या घराला लागलेलं. बायांना रस्त्यावर पाऊल न टाकता गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता यायचं. प्रत्येक माळवदाला चुलीच्या वर एक भोक, त्याला साणं म्हणायचं. त्यातून धूर बाहेर जायचा आणि उजेड आत यायचा. आमच्या गल्लीत त्यातून हलीमाखालाचं तोंडही आत यायचं. आपण भाकरी थापतोय आणि डोक्यावरून आवाज यायचा, आज विस्तवाला का आली न्हायस गं, काय झालं. कुणाच्या साण्यातून धूर निघाला नाही की हिला भ्या वाटायचं. धूर नाही म्हणजे घरात दुखणं आहे, भांडण आहे, नाहीतर पीठ नाही. मग ती चौकशी करायची, आणि चौकशी करता करता अर्धी गल्ली गोळा करायची. मला सुरुवातीला या बाईचा फार राग यायचा. नव्या सुनेला रुसून उपाशी झोपायचीही सोय नव्हती.

ती लोकांशी गोड बोलायची असंही नाही. भांडायची कचकचून. एकदा आत्याबाईंशी कोंबडीवरून असं वाजलं की दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. विस्तव मात्र आत्याबाई रोज तिच्याकडूनच मागवत होत्या. मी खापरी घेऊन गेले की खाला निखारे घालताना म्हणायची, तुझ्या सासूला सांग, तिचं तोंड बघायची माझी इच्छा न्हाय, आन तिला म्हणावं खोकला लई झालाय, ओवा चाव. मी ते सगळं घरी येऊन सांगायची. आत्याबाई नाक मुरडून ओवा चावायच्या.

मग एका उन्हाळ्यात पटकी आली. गल्लीच्या तोंडाशी गुरप्पा वाण्याचं घर. लिंगायत, कडक आचाराचा माणूस. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंग. तो विस्तव न्यायलासुद्धा खालाच्या ओट्यावर चढत नसे, खालच्या पायरीवर उभा राहून खापरी पुढं करायचा. त्याची बायको शिवम्मा दुखण्यानं पडली. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला आणि त्या घरापुढून जायचं लोकांनी सोडलं. गुरप्पा स्वतः ओट्यावर डोकं धरून बसून राहिला. आत जायचा त्याला धीर होईना, आणि बायकोला टाकून जाववतही नव्हतं.

खालानं त्यांच्या साण्याकडं पाहिलं. धूर नाही. मग तिनं रडायला सुरुवात केली. चांगली मोठ्यानं, अल्लाचं नाव घेत, मला मरायचं न्हाय गं म्हणत, एका हातात विस्तवाची खापरी आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत ती गल्लीतून चालत गेली आणि रडत रडतच गुरप्पाच्या घरात शिरली. तिनं चूल पेटवली, पेज केली, घाण काढली. शिवम्मा बरी होईपर्यंत तिला पाणी पाजलं ते खालानं. गुरप्पानं ते ओट्यावरून पाहिलं आणि मान फिरवली. एवढ्या भित्र्या बाईला हे कसं झालं, असं आम्ही नंतर विचारलं, तर म्हणाली, घरी एकटी बसून तिचं कण्हणं ऐकायला जास्त भ्या वाटत होतं.

शिवम्मा उठल्यावर गुरप्पानं त्यांच्या गुरूला, जंगमाला, बोलावून तिला तीर्थ देऊन शुद्ध करून घेतलं. आम्हाला वाटलं खालाला वाईट वाटेल. तिला काही वाटलं नाही. करा की, आप्पाच्या मनाला बरं वाटल, म्हणाली. नंतर तो पूर्वीसारखाच खालच्या पायरीवर उभा राहू लागला. खाला मात्र आता त्याची फिरकी घ्यायची. आप्पा, आग नेता, पानी न्हाय. आगीनं तहान भागती व्हय? गुरप्पा ऐकू न आल्यासारखं करायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

पुढं ते दिवस आले. ज्यांच्या टोळ्या निजामाच्या नावानं गावोगाव हत्यारं घेऊन फिरत होत्या त्यांचं नाव घ्यायलाही गल्ली भ्यायची. 'ते' एवढंच म्हणायची. ते अमक्या गावात आले, त्यांनी तमकं घर जाळलं. पुरुषमाणसं रानात राहायला लागली. माझे पती सरहद्दीपलीकडं बार्शीकडं निघून गेले. मी पोटुशी होते, म्हणून मागं राहिले. घरात माणूस आहे हे कळू नये म्हणून बाया चुली पेटवीनाशा झाल्या. रात्रीची शिळी भाकरी दुसऱ्या दिवशी, लेकरांच्या तोंडावर हात. त्या शांततेची आठवण झाली की अजून माझ्या तळव्यांना घाम येतो.

एका दुपारी ते आमच्या गावात शिरल्याची ओरड झाली. मी आणि आत्याबाई कणगीच्या मागं अंग चोरून बसलो होतो. वरून साण्यात खालाचं तोंड दिसलं, पांढरं फटक. ती म्हणाली, "चला गं माझ्याकडं. मला एकटीला लई भ्या वाटतंय." तुम्हाला वाचवते, असं ती म्हणाली नाही. प्रत्येक साण्यात तोंड घालून तिनं तेच सांगितलं, आणि आम्ही बाया लेकरं घेऊन, माळवदावरून वाकून चालत, तिच्या घरात उतरलो. आम्हाला रजयांच्या ढिगाआड बसवून तिनं काय करावं? जाऊन दार सताड उघडलं. आम्ही मनात तिला शिव्या घातल्या.

ते दारात आले. रजयांच्या ढिगाआडही न मावलेल्या इतक्या बाया बघून त्यांच्यातल्या पुढच्यानं विचारलं, ये सब कौन हैं. खालाचे दात इतके वाजत होते की तिला बोलता येईना. शेवटी ती म्हणाली, "मेरेच हैं. सब मेरेच. चिल्लाव नक्को बाबा, मेरेकू डर लगता." त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि तो हसला. म्हातारीचं थरथरणं बघून त्याला गंमत वाटली असावी. दस्तगीरच्या नव्या रजया खांद्यावर टाकून ते निघून गेले. मग खाला खाली बसली आणि म्हणाली, माझं लुगडं भिजलं गं. आम्ही सगळ्या हसलो, आणि हसता हसता रडलो.

निजाम शरण गेल्याची बातमी आली त्या दिवशी गावात गुलाल उधळला. माणसं रानातून परत आली. आणि दोन-चार दिवसांतच दुसरी कुजबूज सुरू झाली. आता दुसरेच लोक टोळ्या करून हिंडत होते आणि मागचे हिशेब चुकते करायला मुसलमानांची घरं शोधत होते. शेजारच्या गावात आग लागल्याचा धूर आम्ही माळवदावरून पाहिला. गल्लीनं त्यांनाही नाव दिलं नाही. तेही 'ते'च झाले.

त्या सकाळी मी खापरी घेऊन गेले तर खालाचं दार बंद. माझ्यामागं आणखी बाया येऊन उभ्या राहिल्या. कुणाच्याच घरात विस्तव नव्हता, कारण तो ठेवायची गरज आम्हाला कधी पडलीच नव्हती. सगळ्या गल्लीची चूल थंड, आणि आम्ही रिकाम्या खापऱ्या घेऊन एकमेकींकडं बघत होतो. हाक मारायला कुणी धजेना. मारली आणि तिनं दार उघडलं, तर पुढं काय, हा प्रश्न प्रत्येकीच्या तोंडावर होता. तिला घरात घ्यायचं म्हणजे ती आग आपल्या घरावर घ्यायची. चावडीपाशी बाप्येही हेच बोलत होते. गुरप्पा म्हणाला, आपली लेकरंबाळं हाईत, आपण काय करणार. त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हा वाटलं नाही.

आत्याबाई माळवदावर चढल्या. मी मागोमाग गेले. खालाच्या साण्यातून त्यांनी आत पाहिलं. चुलीत राख होती. खाला, दस्तगीर, सून, नातवंडं भिंतीला पाठ लावून बसलेली. आत्याबाई म्हणाल्या, "हलीमा, वर ये. मला भ्या वाटतंय." खालानं 'न्हाय' म्हणून मान हलवली. आत्याबाईंनी पुन्हा तेच म्हटलं, आणि त्यांचा आवाज फुटला. माझ्या सासूला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग खाला उठली. लेकरं आधी, मग सून, मग ती, सगळ्यात शेवटी दस्तगीर. पिंजणही त्यानं वर दिलं. आम्ही त्यांना शेजारच्या आमच्या घरात उतरवून कणगीमागं बसवलं.

आता राहिलं मोकळं घर. रिकामं घर दिसलं की ते पेटवणार, आणि माळवदं जोडलेली; शिवाय माणसं कुठं गेली म्हणून घर न् घर शोधणार. यावर पुरुष विचार करत बसले असताना शिवम्मा आपल्या घरातून उठली, हळदीकुंकू ल्यायलेली, चालत खालाच्या घरात गेली आणि तिच्या चुलीपुढं जाऊन बसली. गुरप्पा तिला परत बोलवायला धावला. ती येईना. बायको आत आणि आपण बाहेर असा तो पुन्हा एकदा सापडला. या खेपेला मात्र तो ओट्यावर चढला आणि दारात मांडी घालून बसला.

दुपार कलायच्या आधी ते आले. मी आणि आत्याबाई माळवदाच्या कठड्यामागं बसलो होतो, फटीतून सगळं दिसत होतं. ते इकडं-तिकडं न बघता सरळ त्याच दारापुढं थांबले.

"पिंजाऱ्याची हलीमा हितंच ऱ्हाती ना?"

गुरप्पा म्हणाला, हे घर माझं आहे. पुढचा माणूस म्हणाला, लिंबाखालचं दार म्हणून आम्हाला तुमच्याच गल्लीतल्या माणसानं सांगितलंय. त्यानं चौकटीवर बोट फिरवलं. बोटाला कापूस लागला. मी आत्याबाईंचा हात धरला. सरकी-कापसाचा धंदा हाय माझा, असं काहीतरी गुरप्पा पुटपुटला. माणूस हलेना. मग गुरप्पानं मान मागं वळवली आणि हाक मारली, "शिवम्मा, पानी आण गं."

आत खालाचं मडकं होतं, खालाचा तांब्या होता, खालाच्या घरातलं पाणी होतं. दुसरं कुठून येणार? शिवम्मानं तोच तांब्या आणून त्याच्या हातात दिला. गुरप्पानं तांब्याकडं पाहिलं. आम्ही वर श्वास धरून बसलो होतो, कारण हा माणूस ते पाणी पिणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं, आणि तो क्षणभर जरी थांबला तरी खालच्यांनाही ते कळणार होतं. त्यानं तांब्या तोंडाला लावला. गळ्यातल्या लिंगावर पाणी सांडत होतं आणि तो घटाघटा पीत होता.

त्यांच्यातलाच एक भस्म लावलेला माणूस म्हणाला, अरे, हा आपल्यातला हाय, पिंजाऱ्याच्या घरचं पानी पिईल का हा, घर चुकलं. आणि ते गेले. गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनासे होईपर्यंत गुरप्पा तांब्या धरून तसाच बसला होता. मग त्यानं शिवम्माला विचारलं, अजून हाय का. भीतीनं त्याचा घसा कोरडा पडला होता.

जीव वाचले, घर वाचलं. आम्हाला वाटलं संपलं. पण ओट्यावरचं बोलणं कणगीमागं खालाच्या कानावर गेलं होतं. तुमच्याच गल्लीतल्या माणसानं सांगितलंय. गल्ली काही मोठी नव्हती. ज्यांच्या चुली तिनं रोज पेटवल्या, त्यांच्यातलंच कुणीतरी. त्यानंतर तिचं भिणं बदललं. ती बोलून दाखवीनाशी झाली. साण्यातून तिचं तोंड दिसेना. विस्तवाला गेलं की निखारे द्यायची, पण दाराला आतून कडी असायची, आणि कडी काढताना ती आधी विचारायची, कोण हाय. ते ऐकून मला त्या दुपारी वाटलं तेवढंच भ्या वाटायचं.

दस्तगीरनं सोलापूरला सासुरवाडीकडं बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. गुरप्पानं त्याची खूप समजूत घातली. आत्याबाईंनी तर भांडणच काढलं. जायच्या आदल्या दिवशी माझं बाळ मांडीवर घेऊन मी खालाजवळ बसले होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तिला विचारलं, कुणी सांगितलं असेल गं. ती बाळाचा पाय चोळत राहिली.

"मला म्हाईत हाय. दस्तगीरला बी सांगितलं न्हाय, तुला बी सांगनार न्हाय. त्यो बी भ्यालाच व्हता गं. भ्यालेल्या मानसाजवळ त्या टायमाला कुनी बसलं न्हाय."

ती जाताना सगळी गल्ली बाहेर आली होती. गाडीत सामान भरलं, सुनेला-लेकरांना बसवलं. खाला गल्लीच्या त्या टोकापासून निघाली. प्रत्येक दारात थांबली. बाईमाणसाच्या, बाप्याच्या, लेकराच्या, सगळ्यांच्या गालांवरून दोन्ही हात फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. गुरप्पानं मान पुढं केली. आत्याबाईंनी तिला मिठीच मारली. कुणी रडत होतं, कुणी खाली बघत होतं.

मी दारात उभी राहून तिचे हात बघत होते. आता एखाद्या गालावर ते अडखळतील, एखाद्या तोंडावरून लवकर निघतील, आणि मला कळेल. तिनं एकही दार वगळलं नाही. कुणाच्या गालावर तिचा हात जास्त थांबला नाही, कुणाच्या कमी थांबला नाही. शेवटी ती माझ्यापाशी आली. माझ्या आणि बाळाच्या गालावरून तिनं हात फिरवले, आणि मुलानं हाताला धरून चढवली तशी ती गाडीत बसली. त्या सगळ्यांतला तो कोण, हे मला आजतागायत कळलेलं नाही.